अमेरिकेला जाणाऱ्या गाडीच्या पायऱ्या

युरोपातल्या डिझाइन ऑफिसकडून एका सकाळी मला छोटीशी मेल आली. ‘आमच्या गाडीत ट्रक चढवायची सोय नाही. कारचीही नाही. ही प्रवासी गाडी आहे, हे ग्राहकाला कृपया सांगावे.’

ग्राहक अमेरिकेत होता. त्याने पाठवलेल्या नियमांत एक वाक्य होतं, की अपघात झाला तरी ट्रक कारपासून सुटता कामा नये. आता अमेरिकेत रेल्वेच्या डब्याला कार म्हणतात, आणि डब्याखाली चाकं बसवलेला जो लोखंडी सांगाडा असतो त्याला ट्रक. युरोपात त्याच सांगाड्याचं नाव बोगी. आणि आपण मराठी माणसं अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणून मोकळे होतो. म्हणजे मला धरून तिघांच्या डोक्यात तीन वेगळ्या गाड्या उभ्या होत्या, आणि तिघंही इंग्रजीतच बोलत होतो. मी दोन्हीकडे समजुतीची उत्तरं लिहिली, कॉफी आणली, आणि दिवसाचं पहिलं भाषांतर पार पडलं. इंग्रजीतून इंग्रजीत.

हेच माझं काम. हुद्दा मेकॅनिकल इंजिनिअरचा आहे, ऑफिस सिंगापूरला वन-नॉर्थमध्ये आहे, आणि त्या वर्षी आमच्याकडे युरोपातली एक डिझेल गाडी आली होती. ताशी दोनशे किलोमीटरने धावणारी. जिथे रुळांवर विजेची तार नाही तिथेही ती पळते, म्हणून अमेरिकेतल्या एका राज्याला ती आवडली. आवडली म्हणजे, तिच्यातलं बरंचसं बदलून द्याल का, असं त्यांनी विचारलं. बदलांचं मधलं काम आम्हा तिघांकडे होतं. साहेब सिंगापूरचे चिनी, कमी बोलणारे आणि जास्त काळजी करणारे. मी. आणि माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेली एक तमिळ मुलगी, जन्माने सिंगापूरचीच, जी मला अक्का म्हणायची आणि साहेबांना घाबरायची नाही.

आमच्यापैकी एकानेही अमेरिकेत आगगाडीने प्रवास केलेला नव्हता. यावर कुणी कधी आक्षेप घेतला नाही.

बाबांना मात्र माझ्या कामाबद्दल वेगळाच आक्षेप होता. बाबा आमच्याबरोबर वुडलँड्सला राहतात. जन्मभर जहाजांवर होते, शेवटची बरीच वर्षं चीफ इंजिनिअर. सिंगापूर बंदर माझ्याआधी त्यांनी पाहिलंय. आई गेल्यावर पुण्याचा फ्लॅट बंद करून ते आमच्याकडे आले, आणि आल्यापासून घरातल्या मिक्सरपासून पंख्यापर्यंत प्रत्येक यंत्रावर त्यांची नजर आहे. मुलगी डिझेल गाडीवर काम करते म्हटल्यावर त्यांना कोण आनंद झाला. नाश्त्याला पोहे खाताना त्यांनी विषय काढला.

“इंजिन किती सिलिंडरचं गं?”

“बारा, बाबा.”

“आणि थंड कसं ठेवणार? तिकडे वाळवंट आहे म्हणतेस.”

“ते युरोपातले लोक बघतात. इंजिन माझ्याकडे नाही.”

“मग तुझ्याकडे काय आहे?”

“हॉर्न, घंटा, पायऱ्या आणि कप ठेवायच्या जागा.”

बाबांनी चमचा खाली ठेवला. “इतकं शिकवलं,” ते म्हणाले, “ते कप ठेवायला?”

तरी कपाचं काम सोपं नव्हतं. मूळ गाडीत सीटच्या हाताशी एक वाटोळं भोक होतं, त्यात युरोपातला इवलासा कॉफीचा कप बसे. अमेरिकेतून निरोप आला की भोक मोठं हवं. केवढं मोठं, असं मी विचारलं, तर त्यांनी एक फोटो पाठवला. त्यात एका माणसाच्या हातात कप होता आणि कपामागे माणूस दिसत नव्हता. मग मी आणि तमिळ मुलगी लिटिल इंडियातल्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या मोठ्या दुकानात गेलो आणि मापं घेत हिंडलो. तिने एक स्टीलचा पेला उचलला, तळाचा व्यास मोजला आणि म्हणाली, “अक्का, हा कप नाही. यात माझी आजी सांबार करते.” तोच घेतला. परतताना तिने हॉकर सेंटर नावाच्या खाऊगल्लीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिलेली कॉफी घेतली आणि ऑफिसात येऊन ती नमुन्याच्या सीटमागच्या कोटाच्या हुकाला अडकवली. “आमच्या लोकांना एवढं पुरतं ला,” म्हणाली, शेवटी सिंगापुरी ‘ला’ लावून. साहेबांनी हुक पाहिला, पिशवी पाहिली आणि पिशवी गळली तर काय, याची काळजी सुरू केली.

हॉर्नचं प्रकरण घरी रंगलं. अमेरिकेत रस्ता रूळ ओलांडतो तिथे गाडीने ठरावीक पद्धतीने हॉर्न द्यायचा असतो. दोन लांब, एक आखूड, परत एक लांब. मी तो फोनवर वाजवून बघत होते. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली.

“परत वाजव.”

मी वाजवला.

“हे गाडी वाजवते? प्रत्येक फाटकाशी?”

“प्रत्येक फाटकाशी. नियमच आहे.”

बाबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग चष्मा काढावा लागला. जहाजांच्या खुणांच्या भाषेत दोन लांब, एक आखूड, एक लांब म्हणजे क्यू हे अक्षर. आणि बंदराशी आलेल्या जहाजाने क्यूचा बावटा लावला की त्याचा अर्थ, माझ्या जहाजावर रोगराई नाही, मला आत येऊ द्या.

“म्हणजे तुझी गाडी,” डोळे पुसत बाबा म्हणाले, “दोनशेच्या वेगाने येणार आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक टेंपोवाल्याला सांगणार, बाबा रे, आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, येऊ का?”

फाटकाशी गाडीचा वेग त्याहून कमी असतो आणि तिकडे टेंपो नसतात, हे मी सांगितलं. त्यांना ते ऐकायचं नव्हतं. त्यांनी त्याच संध्याकाळी आपल्या दोन जुन्या जहाजी मित्रांना फोन करून हे सांगितलं, आणि तेव्हापासून माझ्या कामाला त्यांच्या लेखी थोडी किंमत आली.

घंटेवर मात्र युरोपवाले अडून बसले. स्टेशनात शिरताना गाडीने घंटा वाजवायची, हे त्यांना पटेना. ‘गाडी येते ती दिसते,’ त्यांनी लिहिलं. ‘ऐकूही येते. घंटा कोणासाठी?’ अमेरिकेतून उत्तर आलं, ‘घंटेसाठी.’ पुढे मी काही भाषांतर केलं नाही. घंटा बसली.

उरल्या पायऱ्या.

युरोपात आमची गाडी ज्या फलाटांशी थांबते ते उंच असतात. दार उघडलं की एक पाऊल टाकायचं, बाहेर. त्या अमेरिकन राज्यातल्या लहान गावांतले फलाट मात्र रुळांपेक्षा जेमतेम वीतभर उंच. त्यावर उभं राहिलं तर डब्याचा तळ आपल्या कमरेच्याही वर येतो. म्हणून दाराखाली चार पायऱ्या बसवायच्या होत्या. स्टेशन आलं की बाहेर यायच्या, गाडी सुटली की आत. चाकाच्या खुर्चीसाठी वेगळी लिफ्ट होती, ती दुसऱ्या दाराला. मी सहा महिने त्या चार पायऱ्यांवर घालवले. पायरीची उंची, खोली, ओली झाली तर घसरेल का, गुडघा किती अंशात वाकेल. गुडघ्यांचे तक्ते माझ्या टेबलामागच्या भिंतीवर लावलेले होते.

पायऱ्यांचा खऱ्या मापाचा नमुना वुडलँड्सच्याच एका औद्योगिक शेडमध्ये उभा केला होता, आमच्या घरापासून बसने दहा मिनिटांवर. प्लायवूडचा अर्धा डबा, खरं दार, खऱ्या पायऱ्या, बाजूला पकडायचे स्टीलचे दांडे. आणि तो बघायला अमेरिकेतून एक गृहस्थ आले. जन्म गाड्यांवर कंडक्टर म्हणून काढलेला, निवृत्तीनंतर तिकडच्या रेल्वेने सल्लागार म्हणून ठेवलेला. सत्तरीचा, उंच, पांढऱ्या मिशांचा. मला मॅम म्हणायचा आणि साहेबांना सर, आणि दर वेळी डोक्याला हात लावायचा, टोपी नसली तरी.

चाचणीला आठ माणसं हवी होती, त्यातली निम्मी पासष्टच्या पुढची. प्रत्येकाने बॅग घेऊन चढायचं, उतरायचं, इतकंच. तमिळ मुलीने आपल्या आईला आणलं. मी आमच्या ब्लॉकमधल्या शेजारणीला विचारलं. ती मलय, साठीपुढची, अत्यंत उत्साही. आणि बाबांना विचारलं.

“मी? पॅसेंजर म्हणून?”

“हो.”

“बघतो,” म्हणाले, आणि लगेच शर्टाला इस्त्री करायला घेतली.

चाचणीच्या दिवशी ते बूट पॉलिश करून आले. अमेरिकन गृहस्थाशी हात मिळवून त्यांनी हॉर्नची गोष्ट सांगितली. त्याला ती इतकी आवडली की त्याने वहीत लिहून घेतली. माझी कॉलर ताठ झाली होती. पहिली तिघं चढली, उतरली. तमिळ मुलीची आई पदर खोचून, एकेक पायरी जपून उतरली. शेजारीण उतरून फोटो काढायला परत वर गेली. मग बाबा.

चढले सरळ. वर जाऊन त्यांनी डब्यात जरा इकडेतिकडे बघितलं, भिंतीवर टकटक केलं. उतरायची वेळ झाली तेव्हा वळले, आमच्याकडे पाठ केली, बॅग एका हातात घेतली, दुसऱ्याने दांडा धरला आणि उलटे उतरू लागले.

“उलटे का?” साहेबांनी हळूच विचारलं.

“जहाजावरची सवय आहे,” मी अभिमानाने सांगितलं. “शिडीवरून असंच उतरतात.”

बाबांना एरवीही कधीमधी असं उतरताना मी पाहिलं होतं. स्टुलावरून, बसमधून. मला ते फार ऐटबाज वाटायचं.

पहिली पायरी. दुसरी. दांडा आम्ही समोर तोंड करून उतरणाऱ्या माणसाच्या हिशेबाने लावला होता, वरच्या बाजूला, आतल्या अंगाला. तिसरी पायरी उतरताना बाबांचा हात दांड्यावरून घसरत खाली आला आणि पुढे दांडाच नव्हता. त्यांनी हवेत मूठ मिटली. एक क्षण ते एका पायावर होते, मग मागे आले.

खाली अमेरिकन उभा होता. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि बाबा अक्षरशः त्याच्या हातांत बसले. दोघं चार पावलं मागे गेले, पण पडले नाहीत. बॅग गडगडत शेडच्या दाराशी गेली. “अलामाक!” शेजारीण ओरडली, म्हणजे मलयमध्ये अरे देवा. मी पोचेपर्यंत बाबा उभे राहून शर्ट खोचत होते. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही.

“सॉरी,” बाबा त्याला म्हणाले. “नो, सर,” तो म्हणाला आणि डोक्याला हात लावला.

चाचणी तिथेच थांबवावी लागली. सुरक्षेच्या नियमाप्रमाणे फॉर्म भरायचा होता. वडील माझे आणि पायऱ्याही माझ्या, आता बोलायचं कुणाला हे साहेबांना कळत नसावं. त्यांनी स्वतःच फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘प्रवासी चुकीच्या दिशेने उतरला.’ आणि सहीसाठी बाबांपुढे ठेवला.

बाबांनी चष्मा लावून तो वाचला. दोनदा वाचला असावा, कारण बराच वेळ लागला. मग सही केली. आमच्यासाठी चिकन राइस मागवला होता, तो त्यांनी खाल्ला नाही. पोट भरलंय म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी बूट काढून खोक्यात घालून ठेवले. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीने सगळी हकिकत काढून घेतली आणि इंग्रजीत निकाल दिला, “आजोबा, दे ब्लेम यू? सो अनफेअर ला.” बाबा तिला म्हणाले, “नाही बेटा, बरोबर आहे. मी चुकीच्या दिशेने उतरलो.” ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. या माणसाने भर वादळात, इंजिनरूममध्ये गुडघाभर पाणी असताना काम केलंय, आणि इथे प्लायवूडच्या, कुठेही न जाणाऱ्या गाडीने त्याला नापास केलं होतं.

दोन दिवसांनी रविवार होता. बाजारातून भाजी घेऊन येताना रस्त्यावरचा पूल ओलांडायचा होता. एरवी बाबा त्या पुलाच्या लिफ्टनेच जातात. किंवा, चालणं होतं म्हणून, पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊन ओलांडतात. त्या दिवशी उतरायची लिफ्ट बंद होती, ते आम्हाला पलीकडच्या टोकाला पोचल्यावर कळलं.

“तू हो पुढे,” बाबा म्हणाले. “पिशवी दे तुझी पण.”

“दोन पिशव्या कशा धराल? चला बरोबर.”

“अगं, हो म्हटलं ना पुढे.”

मी खाली उतरले आणि वळून बघितलं. बाबा वरच्या पायरीवर उभे होते. माणसं जात होती, ती जाईपर्यंत थांबले. मग पाठ केली, पिशवी खांद्याला अडकवून दोन्ही हातांनी कठडा धरला आणि एकेक पायरी उलटे उतरू लागले. ऐटबाज वगैरे काही नव्हतं. दर पायरीला उजवा पाय खाली, मग डावा त्याच्याशेजारी. थांबायचं. परत उजवा.

मी परत वर चढले. अर्ध्यात गाठलं.

“बाबा, हे जहाजावरचं नाही ना?”

“जहाजावर असंच उतरतात.”

“बाबा.”

ते कठड्याकडे बघत होते. “उजवा गुडघा,” म्हणाले. “समोर तोंड करून उतरलं की कळ येते. असं उतरलं की नाही येत.”

“कधीपासून?”

“तुझी आई होती तेव्हापासून. तिला ठाऊक होतं. ती पिशव्या घेऊन खाली उभी राहायची, आणि कुणी बघायला लागलं की त्यांना सांगायची, जहाजावर होते ना, सवय आहे.”

म्हणजे ते वाक्य आईचं होतं. मी शेडमध्ये साहेबांना जे अभिमानाने ऐकवलं, ते तिने रचलेलं होतं. आणि मी सहा महिने भिंतीवर गुडघ्यांचे तक्ते लावून बसले होते. कोणत्या वयात गुडघा किती अंश वाकतो ते मला तोंडपाठ होतं. बाबांचा वाकत नाही, हे पुलावर कळलं.

मी दोन्ही पिशव्या घेतल्या आणि त्यांच्या एक पायरी खाली राहून उतरले. एका बाईने बघितलं. मी काही सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी मी ऑफिसात न जाता थेट शेडमध्ये गेले. अमेरिकन गृहस्थ आधीच येऊन बसला होता, प्लायवूडच्या दारात, कागदाच्या कपात चहा घेऊन. मी त्याला सगळं सांगितलं, गुडघ्याचं, पुलाचं. आईचंही सांगून टाकलं, ते का सांगितलं मला अजून कळलेलं नाही.

त्याने सरकून मला दारात बसायला जागा केली. मग म्हणाला, “मॅम, आम्हा कंडक्टर लोकांना पहिल्या दिवशी शिकवतात. गाडीतून उतरताना तोंड गाडीकडे. कायम. नाहीतर ओरडा बसतो. आणि लहान गावांत म्हातारी माणसं तशीच उतरतात. मी खाली उभा राहून त्यांच्या बॅगा घ्यायचो. त्या दिवशी तुमचे वडील वळले तेव्हा मला वाटलं, चला, एक तरी माणूस नीट उतरतोय.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला वाटलं तुम्ही मुद्दाम करून दाखवताय.” त्याने कप खाली ठेवला. “त्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून मी अजून सही केलेली नाही. त्यांना परत आणाल का?”

बाबा तयार होईनात. “कशाला? परत त्याच्या मांडीवर बसायला?” असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. मी म्हटलं, त्याने स्वतः बोलावलंय. पेपर हलला नाही. मग मुलीने आतून ओरडून विचारलं, “ममा, दे चेंजिंग द फॉर्म ऑर नॉट?” आणि पेपरवरून बाबांचे डोळे दिसले.

“फॉर्म बदलणार असतील,” म्हणाले, “तर येतो.”

साहेबांना मी फोनवर विचारलं. मला वाटलं होतं ते नियम सांगतील. ते म्हणाले, “माझे वडील लिफ्ट बंद असली की घरातून बाहेरच पडत नाहीत. मी कधी विचारलं नाही का ते.” फॉर्म बदलला. कारण, ‘दांडा अपुरा.’

दुसऱ्या खेपेला बाबा शर्टाच्या खिशात सुताराची पेन्सिल घालून आले. ते आणि अमेरिकन दोघं त्या दाराशी अडीच तास होते. बाबा उलटे उतरायचे, हात जिथे पोचेल तिथे थांबायचे, अमेरिकन तिथे खूण करायचा. मग अमेरिकन उतरायचा आणि बाबा खूण करायचे. अमेरिकनच्या खुणा चार बोटं वर पडायच्या. बाबा त्याला त्यांच्या जहाजी इंग्रजीत सांगत होते की पायऱ्या आणि शिडी यात फरक आहे, आणि हे जे तुम्ही बनवलंय ते पायऱ्यांचा आव आणलेली शिडी आहे. तो म्हणत होता, येस सर. मी बाजूला उभी राहून आकडे लिहून घेत होते. माझ्याच पायऱ्या, पण मला कुणी काही विचारत नव्हतं.

मग एक गंमत झाली. तमिळ मुलीची आई परत आली होती. ती बराच वेळ बाबांना बघत होती. तिची पाळी आली तेव्हा ती वर गेली, थांबली, आणि मुलीला तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मुलगी हसली. “विचारतेय, असं उतरलेलं चालतं का?”

“चालतं,” बाबा म्हणाले, जणू गाडी त्यांचीच.

ती वळली आणि झरझर उतरली. गेल्या वेळी जपून, दमून उतरलेली बाई ती हीच, यावर विश्वास बसेना. खाली येऊन म्हणाली, मला वाटलं होतं परवानगी नाही. तिच्यानंतर शेजारीण उलटी उतरली, फोटोसकट. मग एक निवृत्त मास्तर. आठांतली पाच माणसं त्या दिवशी पाठ करून उतरली, आणि आधीच्या चाचणीत कुणी चकार शब्द काढला नव्हता. लोकांना वाटलं होतं, गाडीतून रुबाबात समोर तोंड करूनच उतरायचं असतं.

युरोपला मी नवा आराखडा पाठवला. दांडा खालपर्यंत, दाराच्या बाहेरच्या कडेला. उत्तर आलं की तो गाडीच्या अंगाबाहेर येईल आणि कुठेतरी घासेल. शिवाय, ‘आमच्या प्रवाशांनी अशी मागणी आजवर केलेली नाही.’

मी लिहिलं, ‘त्यांना कुणी विचारलं आहे का?’

मेल पाठवल्यावर साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. ही जरा तिखट झाली का, म्हणून काळजीत. तीन आठवडे उत्तर नाही, तेव्हा माझीही जरा तंतरली. मग नवे नकाशे आले. दाराच्या खांबातच खोबणी करून दांडा आत बसवला होता, अगदी शेवटच्या पायरीपर्यंत. खाली शेरा नव्हता, स्पष्टीकरण नव्हतं. पुढे फोनवर कळलं, तिकडच्या मुख्य डिझायनरने जेवणाच्या टेबलावर सासूला विचारलं होतं. सासूने बहुधा बरंच सांगितलं.

बाबांना मी डॉक्टरकडे नेलं. ऑपरेशन इतक्यात नको म्हणाले, व्यायाम दिलेत. ते आठवड्यातून दोनदा एका कडक फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जातात. त्या पंचविशीच्या आहेत आणि त्यांना अंकल म्हणतात. घरी त्यांच्याबद्दल तक्रारी चालू असतात, पण जायच्या दिवशी शर्टाला इस्त्री असते. आता ते पुलावरून उलटे उतरतात आणि कुणी थांबून बघितलं तर सरळ सांगतात, “नी पेन.” शेजारणीच्या म्हणण्याप्रमाणे ब्लॉकमधल्या आणखी दोघी तशा उतरायला लागल्यात.

अमेरिकेच्या त्या राज्याने एवढं सगळं करून आधी एकच गाडी चाचणीसाठी मागवली. बाकीच्यांचं पुढे बघू, म्हणाले. साहेबांना ती रात्रंदिवसाची नवी काळजी झाली. गाडी युरोपातून बोटीने निघाली. हे कळल्यावर बाबांनी माझ्याकडून बोटीचं नाव घेतलं आणि फोनवर जहाजं कुठे आहेत ते दाखवणारा नकाशा उघडला. तेव्हापासून रोज पोह्यांबरोबर मला बातमी मिळायची. आज वारा आडवा आहे. आज वेग कमी केलाय, कप्तान शहाणा दिसतो. आज उगाच दक्षिणेला चाललाय, काय बघायचंय त्याला तिकडे कोण जाणे. आतला माल प्लायवूडचा नसून खरा आहे, हे त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतलं. समुद्राच्या हवेने दांडे गंजणार नाहीत ना, हेही विचारलं. स्टेनलेस स्टीलचे आहेत म्हटल्यावर, कोणत्या ग्रेडचं, हे विचारलं.

एका मंगळवारी मी बूट घालत होते तेव्हा ते आंघोळ करून, केस विंचरून बाहेर आले. फोन माझ्यापुढे धरला. निळ्या समुद्रातला तो छोटा बाण किनाऱ्याला टेकून थांबला होता.

“लागली,” म्हणाले. “साडेपाचला बंदराचा पायलट घेतला, मी बघत होतो.”

ऑफिसला पोचले तेव्हा साहेब मेलबॉक्स उघडून बसले होते. युरोपकडून काही नाही, अमेरिकेकडून काही नाही, गाडी कुठे आहे कुणालाच माहीत नाही, असं म्हणत होते.

“पोचली,” मी म्हटलं. “सकाळीच धक्क्याला लागली.”

“कुणी कळवलं तुम्हाला?”

“घरून कळलं,” मी म्हटलं आणि कॉम्प्युटर सुरू केला.